भीमेकाठची कोरीव थडगी: घासण्याआधी वाचायची कशी

मंगळवेढा तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावातून शाळेच्या गुरुजींनी विचारलं आहे. गावाबाहेर ओढ्यालगत तीस-चाळीस जुनी दगडी थडगी वेड्या बाभळीत बुडालेली आहेत. काहींवर वेलबुट्टी आहे, दोन-तीनांवर अक्षरं आहेत. मध्येच एक उभा दगड आहे, त्यावर घोडेस्वार आणि माथ्याला चंद्रसूर्य. गावात कुणी म्हणतं आदिलशाहीतली, कुणी म्हणतं औरंगजेबाच्या छावणीतल्या सरदारांची. एक आजोबा सांगतात, विजापूरला साठ कबर आहे तशीच ही एका सरदाराच्या बायकांची. सुट्टीत गावातली पोरं बाभळी काढून, दगड घासून, अक्षरांत रंग भरणार आहेत. तर ही थडगी कधीची हे कसं ओळखायचं आणि साफ कसं करायचं?

गुरुजी, सगळ्यात आधी तो रंगाचा डबा दुकानात परत करा. बाकीचं सांगतो.

तीस वर्षांपूर्वी मी या कामात नवा होतो, तेव्हा सोलापुरापासून फार लांब नसलेल्या एका गावात आम्ही चौघांनी अशीच श्रमदानाने एक जुनी कबर साफ केली. दगडावर दगडफूल धरलं होतं. आपण काळ्या मसाल्यात घालतो तेच, करड्या पापुद्र्यांचं. तारेच्या ब्रशने दोन तास घासलं, दगड काळाभोर निघाला, गावकरी खूश झाले. पुढे फारसी वाचणाऱ्या एका अभ्यासकांना फोटो दाखवले तर ते म्हणाले, ओळ दिसते आहे, पण नुक्ते कुठे आहेत? अरबी-फारसी लिपीत ब, त, न अशी कितीतरी अक्षरं मधोमध आली की एकाच दाताची दिसतात, फरक फक्त वरच्या-खालच्या ठिपक्यांचा. ते ठिपके आम्ही दगडफुलासकट खरवडून काढले होते. ते नाव आता कुणालाच वाचता येणार नाही. मला आजही ती ओळ आठवते.

बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, कठीण असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. आतून तो कठीण असतोच, पण चारशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या दगडाची वरची साल मऊ झालेली असते, आणि कोरीव काम असतं ते त्या सालीतच. दगडफुलाची मुळं त्या सालीत रुतलेली असतात. ओढलं की सालीचा कण घेऊन येतं. म्हणून दगडफूल तसंच राहू द्या. ते शेकडो वर्षं तिथे आहे, आणखी दोन वर्षं राहिलं तर बिघडत नाही.

आता ही थडगी वाचायची कशी. पहिल्या दिवशी हातात काहीच घेऊ नका, फक्त होकायंत्र घ्या, मोबाईलमधलं चालेल. मक्का आपल्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. मुसलमान मृताला उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे करून ठेवतात, त्यामुळे कबर उत्तर-दक्षिण लांब असते आणि डोकं उत्तरेला. तीस-चाळीस थडगी सगळी एकाच दिशेला असतील तर ते कबरस्तान. पण एखादं चौकोनी असेल, वर लिंग किंवा समोर नंदी असेल, तर ती लिंगायत समाधी असू शकते. आपल्या भागात लिंगायतांची मोठी वस्ती आहे, ते मृताला पुरतात आणि बसलेल्या स्थितीत पुरतात. गद्दुगे म्हणतात ती हीच. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको, सिद्धरामेश्वरांची समाधी आपल्या सिद्धेश्वर मंदिराच्या आवारातच आहे. गोसावी आणि नाथपंथी साधूंच्या समाध्याही असतात, त्यांच्यावर बहुधा पादुका किंवा पिंड. जुन्या गावाच्या कडेला या सगळ्या गोष्टी एकमेकींना खेटून सापडतात. म्हणून एक थडगं बघून सगळ्या जागेला नाव देऊ नका.

तुमचा घोडेस्वाराचा दगड थडगं नाहीच. तो वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्याला चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. तुमच्या दगडाचा खालचा भाग मातीत असेल, म्हणून एकच चौकट दिसत असेल. तो उकरू नका. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा. हे दगड बहुधा कबरींच्या आधीचे असतात. गावाच्या वेशीबाहेरची मोकळी जागा पिढ्यानपिढ्या मृतांसाठी राखलेली असते, तिथे आधी वीरगळ उभे राहिले, नंतर कबरी आल्या, असं अनेक ठिकाणी घडलं आहे. एखाद्या कबरीच्या चौथऱ्यात देवळाचा घडीव दगड सापडला तरी त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. पडक्या वास्तूचा तयार दगड उचलून नव्या बांधकामात घालणं हे किल्ल्यांत, विहिरींत, वाड्यांत आणि देवळांतही झालं आहे. तो दगड कधी, कुठून आला हे त्याला बघून कळत नाही. गावात एका दगडावरून वैर उभं राहायला वेळ लागत नाही, आणि ते मिटायला पिढी जाते. पोरांना हे तुम्हीच समजावून सांगू शकता.

मग कबरीचा माथा बघा. चौथऱ्यावर एकावर एक लहान होत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि सगळ्यात वर एक लांबट दगड, त्याला तावीज म्हणतात. त्या दगडावर मधोमध उभट, गोलसर कणा उठवलेला असेल तर त्याला कलमदान म्हणतात. ती पुरुषाच्या कबरीची खूण. माथा सपाट पाटीसारखा असेल तर ती तख्ती, बाईच्या कबरीची खूण. ही खूण दख्खनमध्ये आणि उत्तरेकडेही रूढ आहे. तरी एकाच कबरीवरून छातीठोक सांगू नये, कारण वरचे दगड हलतात, चोरीला जातात, कुणीतरी एकाचा दुसऱ्यावर ठेवतो. दहा-बारा कबरी मिळून एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. डोक्याशी कोनाडा किंवा छोटा खांब असेल तर ते चिरागदान, दिवा ठेवायची जागा. लांबीने अगदी लहान कबरी दिसल्या तर त्या मुलांच्या, आणि त्यांची संख्या बघून मन जड होतं.

आजोबांच्या गोष्टीकडे यासाठीच वळतो. विजापूरच्या पश्चिमेला साठाहून जास्त कबरी एका चौथऱ्यावर ओळीने आहेत, एकसारख्या मापाच्या, काळ्या दगडातल्या. कुणी साठ कबर म्हणतं, कुणी सात कबर. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून जाण्याआधी अफजलखानाने आपल्या बायका मारून तिथे पुरल्या, अशी कथा आहे. त्या कबरींचे माथे सपाट आहेत, म्हणजे त्या बायकांच्या आहेत हे दगड सांगतो. त्या कुणाच्या बायका होत्या, कशा मेल्या, एका दिवशी मेल्या की वर्षानुवर्षं, यातलं काहीही दगड सांगत नाही. त्याच भागात अफजलखानाने जिवंतपणी स्वतःसाठी बांधवलेली कबर आहे, ती रिकामी राहिली. १० नोव्हेंबर १६५९ ला तो प्रतापगडाखाली मारला गेला आणि तिथेच पुरला गेला. रिकाम्या कबरीची ही गोष्ट नोंदींनी सिद्ध होते. साठ बायकांची गोष्ट लोकांच्या तोंडून आली आहे. दोन्ही महत्त्वाच्या, पण वेगळ्या वहीत लिहायच्या. तुमच्या आजोबांची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, तारीख आणि त्यांनी ती कुणाकडून ऐकली ते घालून. आणि मग तुमच्या तीस-चाळीस कबरींपैकी किती माथे सपाट आहेत ते मोजा. निम्म्यांवर कलमदान निघालं तर ती गोष्ट या जागेची नाही, विजापूरहून चालत आलेली आहे. तसं निघालं तर आजोबांना जपून सांगा.

कोरीव काम जास्त म्हणजे माणूस मोठा, हेही खरं नाही. खुलताबादला औरंगजेबाची कबर बघितली असेल तर आठवा. १७०७ मध्ये गेलेल्या बादशहाची कबर मातीची, उघड्या आभाळाखाली आहे. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची. आदिलशाहीच्या पहिल्या सुलतानांच्या कबरी विजापुरात नाहीतच, त्या यादगीर जिल्ह्यातल्या गोगी गावी एका सूफी दर्ग्याच्या आवारात आहेत. यूसुफ, इस्माईल हे सगळे तिथे, पीराच्या पायाशी जागा मिळावी म्हणून. म्हणून तुमच्या ओढ्याकाठी एखाद्या साध्या कबरीभोवती कोरीव कबरींची दाटी असेल, तर ती साधी कबर कुणा पीराची असू शकते. बाकीचे त्याच्या सावलीला आलेले. असं असेल तर जागेचं गणितच उलटं वाचावं लागतं. दाटी कुठे आहे, विरळ कुठे आहे, हे कळण्यासाठी साधा हातनकाशा काढा. शाळेतल्या मुलांकडून काढून घ्या, दोरी आणि पावलं पुरतील. प्रत्येक कबरीला कागदावर नंबर द्या, दगडावर नाही.

काळ ठरवायचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे लेख, आणि तिथेच माणसं सगळ्यात जास्त फसतात. बहुतेक कबरींवरचा लेख म्हणजे कलमा, इस्लामवरच्या श्रद्धेची घोषणा, किंवा कुराणातल्या आयती, म्हणजे वचनं, असतात. आयतुल कुर्सी ही प्रसिद्ध आयत, किंवा भूमीवरचं सगळं नाश पावणारं आहे अशा अर्थाचं वचन. बारा इमामांची नावं किंवा अलीचा धावा असेल तर ते घराणं शिया, आणि आदिलशाहीत शियांचं वजन होतं, त्यामुळे हा दुवा उपयोगाचा. पण नाव आणि साल नसेल तर आयतींवरून काळ कळत नाही, फक्त अक्षरांच्या वळणावरून अंदाज बांधता येतो. वळणदार, तिरकं उतरणारं नस्तालीक नावाचं वळण असेल तर बहुधा सोळाव्या शतकानंतरचं.

साल आकड्यांत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. लिपी उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडेच. एक म्हणजे उभी रेघ, सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे खाली उघडा कोन, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आता औरंगजेबाच्या छावणीची गोष्ट घ्या. ती तुमच्या भागासाठी पोकळ नाही. १६९५ ते १६९९ बादशहाचा तळ तुमच्याच तालुक्यात भीमेकाठी ब्रह्मपुरीला, माचणूरला होता. एवढं मोठं लष्कर चार वर्षं एका जागी बसलं म्हणजे माणसं मेलीच असणार. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. म्हणजे त्या तळाच्या काळातली कबर असेल तर तिच्यावर हिजरी ११०६ ते ११११ च्या दरम्यानचं साल हवं. ११०७ कसं दिसेल? दोन उभ्या रेघा, एक ठिपका, एक कोन. ठिपका झिजला की ११७ उरतं, आणि वाचणारा गोंधळतो. तो ठिपका एवढासा असतो, मसुराच्या डाळीएवढा. तारेच्या ब्रशचा राग मला का येतो ते आता लक्षात येईल.

साल शब्दांतही असतं. जुन्या मराठी कागदांत तुम्ही सबा खमसैन अलफ असं वाचलं असेल, म्हणजे सात, पन्नास, हजार: सुहूर सन १०५७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. दख्खनी फसली, म्हणजे महसुलाचा सन, असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. कोणता सन आहे हे न बघता आकडा मिळवला की दहा वर्षांची चूक सहज होते. आणि तिसरा प्रकार सगळ्यात सुंदर, अब्जद. प्रत्येक अक्षराला किंमत असते, आणि एखाद्या वाक्याची बेरीज केली की मृत्यूचं साल निघतं. रिक्षांवर, दुकानांवर ७८६ लिहिलेलं आपण रोज बघतो, ती बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. गोल घुमटाच्या दक्षिण दारावर मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूची तीन वाक्यं आहेत, आणि तिन्हींची बेरीज १०६७ येते, म्हणजे १६५६. अर्थ वेगळा, बेरीज एकच. तेव्हा एखाद्या कबरीवर आकडा नाही म्हणून साल नाही असं समजू नका. कवितेची ओळ असेल तर साल तिच्या पोटात असू शकतं.

हे वाचायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरात आहे, तिथे हे वाचणारी माणसं आहेत. तुमचं काम चांगला फोटो काढणं. भर दुपारी काढलेला फोटो फुकट. संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा, किंवा रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडून काढा. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग वरून. दिवसा न दिसलेली अक्षरं रात्री उठून येतात, मी शंभर वेळा बघितलं आहे आणि तरी दर वेळी अंगावर काटा येतो. शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षरांत खडू, पीठ, हळद, गुलाल, काहीही भरू नका. ओला कागद थापून, शाईने ठसा घ्यायची पद्धत असते, पण ती शिकलेल्या हाताने करायची.

दगड कुठला आहे तेही लिहून ठेवा. काळा पाषाण असेल तर इथलाच. शहाबादी फरशीसारखा थराथराचा, फिकट दगड असेल तर तो पूर्वेकडून, गुलबर्ग्याच्या बाजूने गाडीवर आलेला. एवढ्या लांबून दगड आणणाऱ्या घराकडे पैसा होता. जोडांत काय आहे बघा: चुना असेल तर ठीक, सिमेंट असेल तर कुणीतरी अलीकडे हात लावला आहे.

सिमेंटबद्दल दोन शब्द जास्त, कारण रंगानंतर पुढची कल्पना तीच निघते. पडलेले दगड सिमेंटने बसवू, भोवती फरशी करू. सिमेंट ओल धरून ठेवतं, आणि त्यातले क्षार दगडात उतरतात. पाणी सुकलं की क्षार फुलतात, आपण लोणा लागला म्हणतो. लोणा फुलला की कोरीव पाकळ्यांच्या कडा पापुद्र्यासारख्या गळतात. ऑइल पेंटही तेच करतो, दगडाचा श्वास कोंडतो आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवत नाही. दर्ग्यांत वर्षानुवर्षं चुना लावलेल्या कबरी असतात. त्या पांढऱ्या थरांखाली अक्षरं दबतात हे खरं, पण चुना श्वास घेतो, आणि जाणकार माणूस तो पुढे अलगद काढू शकतो. जिथे चालू दर्गा आहे, चादर चढते, तिथे चुना लावणाऱ्यांना थांबवायला जाऊ नका, ती त्यांची सेवा आहे.

मग श्रमदान कसलं करायचं? बाभळींचं. भरपूर काम आहे. जमिनीलगत कापा, खुंट तसाच ठेवा, मुळं ओढू नका. मुळांनी चौथऱ्याचे दगड धरलेले असतात, ओढलं की चौथरा उघडा पडतो. पुन्हा फुटवा आला की पुन्हा कापा, दोन-तीन पावसाळे चिकाटी लागते. जेसीबी आत येऊ देऊ नका, कितीही फुकट मिळत असला तरी. पालापाचोळा हाताने आणि काथ्याच्या मऊ ब्रशने झाडा. माती साचली असेल तर लाकडी काडीने, साध्या पाण्याने, आणि तेही अक्षरं नसलेल्या भागावर. आडवे पडलेले दगड पडले तिथेच राहू द्या. पडण्याची दिशाही माहिती असते. ओढ्याच्या पुराने पडले की माणसाने पाडले, हे पुढचा माणूस त्यावरून सांगेल.

गुप्तधनाचा विषय तुम्ही काढला नाही, पण गावात निघेलच, म्हणून सांगून ठेवतो. इस्लामी दफनात मृताबरोबर काही ठेवत नाहीत. कफन, बस. वरचा कोरीव दगड ही फक्त खूण आहे, माणूस खाली आहे. गोल घुमटातसुद्धा वर दिसतात त्या नुसत्या खुणा, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. खणणाऱ्याला हाडांशिवाय काही मिळत नाही, आणि कुणाच्या तरी पूर्वजाची विटंबना मात्र होते.

काही करण्याआधी तलाठ्याकडून सातबारा आणि गाव नकाशा बघा. जागा कबरस्तान म्हणून लावलेली आहे का, वक्फ आहे का, कुणाच्या मालकीच्या रानात आहे का. गावातली मुसलमान घरं, दर्ग्याचे मुजावर, यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नुसतं विचारायला नाही, बरोबर काम करायला. बऱ्याचदा त्यांच्याकडेच एखाद्या कबरीचं नाव तोंडी चालत आलेलं असतं. मग तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र द्या, सोबत नकाशा आणि फोटो. उत्तर यायला वेळ लागेल. पत्राची पोच जपून ठेवा, उद्या रस्ता रुंद करायला कुणी आलं तर तीच उपयोगी पडेल.

अक्षरांच्या त्या दोन-तीन कबरींचे आडव्या उजेडातले फोटो मला पाठवा. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा, अंधार चांगला मिळतो. साप-विंचू असतात, बूट घालून जा, पोरांना एकटं सोडू नका. दिवाळीनंतर गवत वाळलं की मी येतो, काथ्याचे ब्रश आणि मोजपट्ट्या माझ्याकडून. तोवर सपाट माथे किती आणि कलमदानं किती, एवढं मोजून ठेवा.